आधीं जंताची ओळख, मग औषध

आमच्या शिरूर व दौंड तालुक्यांत असा शेतकरी विरळा, कीं ज्याच्या गोठ्यांत दोन-चार शेळ्या, एखादी म्हैस व तिचें रेडकूं नाहीं. भीमा व घोड यांच्या कांठीं अथवा कालव्याखालीं ज्यांच्या जमिनी आहेत, त्यांचा भर उंसावर; कोरड्या पट्ट्यांत आहेत, त्यांचा बाजरी-ज्वारीवर. पण जनावरांवांचून दोघांचेंहि चालत नाहीं. या जनावरांस जो विकार वारंवार होतो व ज्याची चौकशी मात्र फार थोडी होते, तो म्हणजे जंत. जनावर वाळलें, जंत झाले. हगवण लागली, जंत झाले. करडूं मेलें, जंतानेंच मेलें. असें म्हणून दुकानांत मिळेल ती बाटली आणावी व सरसकट सर्वांस पाजावी, असा परिपाठ पडला आहे. हा परिपाठ नुकसानीचा कसा, व जंताची जात ओळखण्यांत शेतकऱ्याचें हित कसें, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वीं स्वतःची चूक कबूल केलेली बरी. नोकरींतून निवृत्त होऊन घरीं आल्यावर आम्हीं सात शेळ्या पाळल्या. दुसऱ्याच वर्षीं श्रावणांत त्यांच्या लेंड्यांवर भाताच्या शितांसारखे पांढरे तुकडे दिसूं लागले. तुकडे पाहून जंत ओळखला असें आम्हांस वाटलें. कोणास न विचारतां पट्टकृमींवरचें औषध आणलें व स्वतःच्या हातानें सर्वांस पाजलें. तुकडे दिसेनासे झाले आणि आम्ही निश्चिंत झालों. पुढें पंधरा दिवसांच्या आंत दोन शेळ्या व एक करडूं गेलें. तिसरी शेळी मेली तेव्हां पशुवैद्यांस बोलाविलें. त्यांनीं तिचें पोट फाडून चौथ्या पोटाची पिशवी चिरली व आमच्यासमोर धरली. आंत सुतासारखे बारीक, बोटाच्या पेराएवढे लांब, तांबडे-पांढरे शेंकडों किडे होते. लेंडीवर यांपैकीं एकहि कधीं आमच्या दृष्टीस पडला नव्हता. जो दिसत होता तो मारणारा नव्हता, आणि जो मारीत होता तो दिसत नव्हता. औषध खरें होतें, पण तें दुसऱ्याच जंताचें होतें.

आमचें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें. तेथें नुसतें ‘जमीन’ असें लिहून कोणाचेंहि काम होत नाहीं. गट कोणता, जिराईत कीं बागाईत, पोटखराबा किती, कबजेदार कोण, इतकें लिहिल्यावांचून नोंद पुरी होत नाहीं. जंतांचेंहि तसेंच आहे. ‘जंत’ हा शब्द ‘जमीन’ या शब्दाइतकाच मोघम आहे. त्याखालीं तीन निरनिराळीं कुळें व प्रत्येकांत अनेक जाती येतात. त्यांचे राहण्याचे ठिकाण, खाणें, वाढ व औषध हीं सर्व वेगळीं आहेत.

तीन कुळें

पहिलें कुळ गोल कृमींचें. यांचें अंग दोऱ्यासारखें, दोन्ही टोकांस निमुळतें, व आडवें कापल्यास वाटोळें असतें. अंगावर कांडीं नसतात. तोंडापासून शेपटापर्यंत सरळ आंतडें असतें, व नर आणि मादी वेगवेगळे असतात. बहुधा नर लहान व मादी मोठी. रेडकाच्या पोटांतून लांब जंत पडला म्हणजे लोक ‘गांडूळ पडला’ असें म्हणतात, तें बरोबर नाहीं. गांडुळाच्या अंगावर वळीं असतात, गोल कृमि तुळतुळीत असतो. शिवाय गांडूळ हा जमिनींत राहणारा शेतकऱ्याचा मित्र, त्याचा या कुळाशीं कांहीं संबंध नाहीं.

दुसरें कुळ पट्टकृमींचें. हा फितीसारखा चपटा असून कांड्याला कांडें जोडून बनलेला असतो. त्यास तोंड नाहीं, आंतडें नाहीं. तो अंगावाटेच अन्न शोषितो. मेंढ्यांच्या आंतड्यांतील पट्टकृमि कांहीं मीटर लांब होतो. त्याचीं पिकलेलीं कांडीं तुटून लेंडीबरोबर पडतात. आम्हीं पाहिलेलीं शितें तीं हींच. लहान करडांत हे फार झाले तर वाढ खुंटते, पण मोठ्या शेळीस यांच्यापासून सहसा मोठा अपाय होत नाहीं.

तिसरें कुळ पानकृमींचें. हे झाडाच्या पानासारखे चपटे असून यकृतांत व पित्ताच्या नळ्यांत राहतात. यांच्याच जातीचे कांहीं जाड, दाण्यासारखे कृमि पहिल्या पोटांत सांपडतात. यांची अर्धी वाढ पाण्यांतील गोगलगायीच्या अंगांत होते, म्हणून डबकीं, पाझराच्या जागा व कालव्याच्या कांठचें गवत येथें यांची भीति अधिक.

गोल कृमि कोणता, हें ठिकाणावरून

गोल कृमींच्या जाती ओळखण्याचा पहिला मार्ग म्हणजे मेलेल्या जनावराच्या पोटांत तो कोठें सांपडला, हें पाहणें. मात्र येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. जनावर एकाएकीं मेलें असेल व नाकातोंडांतून किंवा गुदद्वारांतून काळें रक्त येत असेल, तर तें कदापि फाडूं नये. तो फाशी रोग असूं शकतो व तो माणसासहि होतो. इतर वेळींहि पोट फाडण्याचें काम पशुवैद्यांकडूनच करवावें. आपण जवळ उभें राहून पाहावें.

चौथ्या पोटांत सांपडतो तो आमच्या भागांतील शेळ्या-मेंढ्यांचा मुख्य वैरी. याचें शास्त्रीय नांव हीमाँकस काँटॉर्टस. मादी सुमारें १८ ते ३० मिलिमीटर लांब असते. रक्तानें भरलेलें तिचें आंतडें लाल, व त्याभोंवतीं पीळ घातलेल्या अंड्यांच्या नळ्या पांढऱ्या. यामुळें ती लाल-पांढऱ्या पिळाच्या दोरीसारखी दिसते. नर लहान व एकरंगी तांबूस असून त्याच्या शेपटास छत्रीसारखा पसरट पडदा असतो. एक जंत दिवसास सुमारें ०.०५ मिलिलिटर रक्ताचा ऱ्हास करितो. हा आंकडा क्षुल्लक वाटतो, पण हिशेब मांडून पाहावा. एक हजार जंत म्हणजे रोज ५० मिलिलिटर. पांच हजार म्हणजे २५० मिलिलिटर. वीस किलो वजनाच्या मेंढीच्या अंगांत सारें रक्त सुमारें सव्वा लिटर. म्हणजे अशा मेंढीचें पांचवा हिस्सा रक्त रोज जातें. यांत हगवण बहुधा लागत नाहीं, हें विशेष ध्यानांत ठेवावें. पापणीच्या आंतील भाग पांढरा पडतो, जबड्याखालीं पाणी उतरून सूज येते, जनावर कळपाच्या मागें पडतें व मरतें.

लहान आंतड्यांत केंसासारखा बारीक, सात मिलिमीटरांच्या आंतील जंत असतो, तो ट्रायकोस्ट्राँगिलस. हा नुसत्या डोळ्यांस दिसणें कठीण. यानें काळसर पातळ हगवण लागते. तेथेंच डोकें वांकडें असलेला, आंकड्यासारखा, एक ते अडीच सेंटिमीटर लांबीचा जंत सांपडला तर तो ब्युनोस्टोमम. हाहि रक्त पितो, व याच्या अळ्या ओल्या, घाणेरड्या गोठ्यांत कातडीवाटेहि आंत शिरतात.

मोठ्या आंतड्यावर बाहेरून वाटाण्याएवढ्या गांठी दिसल्या तर तो ईसोफॅगोस्टोमम जातीच्या जंताचा पराक्रम होय. त्याच्या अळ्या आंतड्याच्या भिंतींत शिरतात व तेथें गांठी होतात. असलें आंतडें खाटिकासहि निरुपयोगी. आंधळ्या आंतड्यांत चाबकासारखा जंत असतो. पुढचा लांब भाग दोऱ्यासारखा व मागचा थोडा भाग मुठीसारखा जाड. तो ट्रिक्युरिस.

रेडकाचा जंत

म्हशीच्या रेडकाचा जंत या सर्वांहून निराळा व आकारानें सर्वांत मोठा. टॉक्सोकारा व्हिट्युलोरम असें त्याचें नांव. मादी ३० सेंटिमीटरांपर्यंत वाढते. रेडकास हा चाऱ्यांतून होत नाहीं, तर आईच्या दुधांतून होतो. म्हशीच्या अंगांत दडलेल्या अळ्या विण्याच्या सुमारास कांसेंत येतात व पहिल्या दिवसांच्या दुधाबरोबर रेडकाच्या पोटांत जातात. म्हणून दोन-तीन आठवड्यांचें, गवताला तोंड न लावलेलें रेडकूंहि जंतांनीं मरतें. शेण पांढुरक्या चिकणमातीसारखें, पोट मोठें, केंस उभे, तोंडास आंबूस घाण, हीं लक्षणें. वयाच्या १० ते १६ दिवसांच्या दरम्यान पशुवैद्यांच्या सल्ल्यानें औषध दिल्यास जंत अंडीं घालूं लागण्यापूर्वींच मरतात. ‘रेडकूं अजून लहान आहे, औषध सोसणार नाहीं’ असें म्हणून थांबणें म्हणजे त्यास हातचें घालविणें होय.

अंड्यावरून ओळख

जनावर मरेपर्यंत वाट पाहणें हा कांहीं शहाणपणा नव्हे. जिवंत जनावराच्या लेंडींत जंताचीं अंडीं असतात व तीं सूक्ष्मदर्शक यंत्रानें दिसतात. चाबूक-जंताचें अंडें लिंबासारखें, दोन्ही टोकांस बूच बसविल्यासारखें. रेडकाच्या जंताचें वाटोळें व जाड कवचाचें. पट्टकृमीचें तिकोनी अथवा चौकोनी. हीं पाहतांक्षणींच ओळखतात. पण हीमाँकस, ट्रायकोस्ट्राँगिलस व ईसोफॅगोस्टोमम यांचीं अंडीं इतकीं सारखीं, कीं अनुभवी तपासनीससुद्धां नुसत्या अंड्यावरून खात्रीनें जात सांगत नाहीं. त्याकरितां लेंडी ओलसर व उबदार ठेवून सुमारें आठवडाभर अळ्या वाढवितात, आणि अळीच्या शेपटाच्या लांबीवरून जात ठरवितात.

अंडीं मोजण्याची रीत ऑस्ट्रेलियांत सिडनी येथील मॅकमास्टर प्रयोगशाळेंतून निघाली. गॉर्डन व व्हिटलॉक या दोघांनीं ती १९३९ सालीं प्रसिद्ध केली. मिठाच्या दाट पाण्यांत लेंडी कालविली म्हणजे अंडीं वर तरंगतात. आंखलेल्या कांचेंत तीं मोजून एक ग्रॅम लेंडींत किती, हें काढितात. आजहि जगभर हीच रीत चालते.

नमुना नेण्याची रीत सोपी आहे. जमिनीवरची जुनी लेंडी घेऊं नये. ताजी, शक्य तर गुदद्वारांतून काढलेली, प्रत्येक जनावराची वेगळी, घट्ट झाकणाच्या डबींत भरावी. डबीवर जनावराची खूण लिहावी व बर्फाशेजारीं ठेवून त्याच दिवशीं पोंचवावी. उष्णतेनें अंडीं वाटेंतच फुटतात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत चौकशी करावी. अधिक तपासणीकरितां पुण्यास औंध येथें रोग अन्वेषण विभाग आहे, व शिरवळास क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे.

वर्गीकरण कसें झालें

१७५८ सालीं लिनियसनें सर्व प्राण्यांची यादी केली, तींत गांडूळ, गोगलगाय व पोटांतील जंत हे सर्व एकाच ‘कृमि’ वर्गांत कोंबले होते. आपण आज करितों तसेंच. पुढें रुडॉल्फी या पंडितानें पोटांतील कृमींचा स्वतंत्र अभ्यास केला व १८०३ सालीं मेंढीच्या चौथ्या पोटांतील जंतास ‘काँटॉर्टस’, म्हणजे पीळदार, हें नांव दिलें. १८९८ सालीं कॉब यानें त्याची ‘हीमाँकस’ ही वेगळी प्रजाति केली. त्या शब्दांत रक्ताचा अर्थ आहे. आपल्या देशांतील पाळीव जनावरांच्या कृमींची व्यवस्थित नोंद मुक्तेश्वर येथील संशोधक जी. डी. भालेराव यांनीं १९३५ सालच्या आपल्या ग्रंथांत केली. त्यामागून बेलिस याचे हिंदुस्थानांतील गोल कृमींवरचे दोन खंड १९३६ व १९३९ सालीं निघाले. १९९८ सालीं ब्लॅक्स्टर व त्यांचे सहकारी यांनीं आनुवंशिक द्रव्य ताडून पाहून गोल कृमींच्या पांच मोठ्या शाखा ठरविल्या. त्यांत चाबूक-जंत पहिल्या शाखेंत, रेडकाचा जंत तिसरींत, व चौथ्या पोटांतला रक्त पिणारा जंत पांचवींत पडला.

चौथ्या शाखेंत एक असा कृमि आहे कीं त्याची गांठ शेतकऱ्यास गोठ्यांत नव्हे, मळ्यांत पडते. डाळिंब, टोमॅटो, वांगें यांच्या मुळांवर गांठी करणारा मेलॉइडोगायनी हा तोच. आमचे बागाईतदार त्यास ‘निमॅटोड’ म्हणतात. हाहि गोल कृमीच आहे, पण तो जनावरांस होत नाहीं व जनावरांचे जंत झाडांस होत नाहींत. हरभरा, भुईमूग यांच्या मुळांवरच्या गांठी पाहून मात्र घाबरूं नये. त्या नखानें सहज सुटतात व आंतून गुलाबी असतात. त्या नत्र देणाऱ्या जिवाणूंच्या, उपकारक. कृमीची गांठ म्हणजे मूळच फुगलेलें असतें, ती सुटत नाहीं.

ओल व ऋतु

जात कळली म्हणजे तिचा काळ कळतो. हीमाँकसची एक मादी दिवसास पांच ते दहा हजार अंडीं घालते. ऊब व ओल मिळाली तर चार ते सात दिवसांत अळी तयार होते व दंव पडलेल्या गवतावर चढून बसते. ती पोटांत गेल्यावर सुमारें तीन आठवड्यांत पुन्हां अंडीं सुरू. म्हणून आषाढ ते आश्विन हा धोक्याचा काळ. उन्हाळ्याच्या रखरखींत उघड्या रानांत अळ्या फार दिवस टिकत नाहींत. त्यामुळें सुगीनंतर मेंढपाळांचे कळप नांगरटीच्या रानांत खतासाठीं बसविण्यास हरकत नाहीं. पण ज्यांचीं जनावरें बारमाही हिरव्या बांधांवर, मुठा उजव्या कालव्याच्या अथवा चासकमान व घोड यांच्या कालव्यांच्या कांठीं चरतात, त्यांचा पावसाळा बाराहि महिने चालू असतो, असें समजावें. सकाळीं दंव वाळल्यावर चरावयास सोडणें व एकाच जागीं रोज न चारणें, हें फुकटचें औषध आहे.

औषध कोणास व कोणतें

पट्टकृमींवरचें निक्लोसामाइड गोल कृमींवर चालत नाहीं. लेव्हामिसोल व आयव्हरमेक्टिन हीं गोल कृमींवर चालतात. पट्टकृमि व पानकृमि यांवर नाहींत. अल्बेंडाझोल पुष्कळांवर चालतें, पण गाभणपणाच्या आरंभीं देणें घातक आहे. आयव्हरमेक्टिनच्या शोधाबद्दल कँपबेल व ओमुरा यांस २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. इतकें उत्तम औषधहि अविचारानें निरुपयोगी होऊं शकतें. एकच औषध वारंवार, कमी मात्रेंत, सर्व कळपास दिलें म्हणजे दुबळे जंत मरतात, कणखर उरतात व त्यांचीच प्रजा वाढते. असा निगरगट्टपणा हीमाँकसमध्यें अमेरिकेंत १९६४ सालीं दिसला, व आपल्या देशांत १९७६ सालीं त्याची नोंद झाली. औषध चालतें कीं नाहीं, हें पाहण्यास तें देण्यापूर्वीं व दिल्यानंतर १० ते १४ दिवसांनीं अंडीं मोजावीं. अंडीं शेंकडा ९५ हून कमी घटलीं, तर तें औषध त्या कळपांत हरूं लागलें, असें समजावें.

सर्वांस औषध देण्याचीहि गरज नसते. कळपांतील थोड्या जनावरांच्या पोटांत बहुतेक जंत असतात. दक्षिण आफ्रिकेंत फाफा मालन व त्यांचे सहकारी यांनीं पापणीच्या आंतील रंगाचे पांच दर्जे ठरवून एक पत्रक तयार केलें. लाल तो पहिला, पांढरा तो पांचवा. फिकट व पांढऱ्या पापणीच्या जनावरांस औषध द्यावें, लाल पापणीच्यांस तसेंच ठेवावें. त्यांच्यांतले औषध न लागलेले जंत कणखर जंतांची संख्या भारी होऊं देत नाहींत. मात्र पानकृमीनेंहि पापणी पांढरी पडते व जबड्याखालीं सूज येते. म्हणून पापणी पाहून थांबूं नये, लेंडीहि तपासावी.

शेवटचा उपाय बीजाचा. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेंतील संशोधकांनीं दख्खनी व बन्नूर मेंढ्या आणि त्यांचा सुंदरबनांतील गारोल जातीशीं केलेला संकर यांची तुलना २००३ सालीं प्रसिद्ध केली. तींत गारोल रक्ताच्या कोंकरांत जंतांस तोंड देण्याची शक्ति अधिक आढळली. गारोल अंगानें लहान, म्हणून ती जशीच्या तशी आपल्या उपयोगाची नाहीं. पण आपल्याहि कळपांत कांहीं मेंढ्या वर्षानुवर्षें औषधावांचून धडधाकट राहतात, त्यांचे मेंढे पैदाशीस राखावे, इतका बोध त्यांतून घेतां येतो.

आमच्या घरीं आतां एक वही आहे. तींत प्रत्येक शेळीची खूण, पापणीचा दर्जा, लेंडी तपासल्याची तारीख, जंताचें नांव व औषध असे रकाने आखले आहेत. जंताच्या नांवाचा रकाना कोरा असेल तर औषधाचा रकाना भरावयाचा नाहीं, असा आम्हीं घरांत नेम केला आहे. त्या श्रावणांत हा नेम असता, तर तीन शेळ्या व एक करडूं आज आमच्या दावणीस असतें. वाचकांनींहि अशी वही घालावी. तिला वर्षास खर्च एका बाटलीपेक्षां कमी येतो.